व्ही८ गाडी रत्नागिरीत रोज वापरली तर खरं ॲव्हरेज किती पडतं?

भाट्ये_खाडी

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसतं वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय, जरा लांबण लागेल पण सांभाळून घ्या.

मी रत्नागिरीचा. आंब्याचा धंदा, एमआयडीसीत पल्पचं छोटं युनिट आहे. घर पावस रोडला, म्हणजे रोज भाट्याचा पूल ओलांडून शहरातून पलीकडच्या टोकाला जायचं आणि संध्याकाळी तसंच परत, एका बाजूला १४ किलोमीटर. आत्ता स्विफ्ट आहे, ती लिटरला १७ किलोमीटरच्या आसपास देते आणि तिच्याबद्दल काही तक्रार नाही. पण कॉलेजात असल्यापासून मोठ्या इंजिनाच्या गाडीचं मनात आहे आणि आता पन्नाशी जवळ आली तेव्हा घेतली नाही तर मग कधीच घेणार नाही हे मला माहितीये. पुण्याला एक २०१७ ची मस्टँग जीटी बघून आलोय, ५ लिटर व्ही८ म्हणजे आठ सिलेंडरचं इंजिन, एकच मालक, कमी चाललेली. दुसरा पर्याय म्हणून बीएमडब्ल्यू एम३४०आय पण डोक्यात आहे.

घरी बायकोने एकच प्रश्न विचारला, महिन्याला पेट्रोलचे किती? आणि मला उत्तर देता येईना. गाडी विकणारा म्हणतो साहेब आठ आरामात देते. माझा एक मित्र म्हणतो तीन, लिहून घे. आता आठ आणि तीन यात केवढा फरक आहे, तीन असेल तर मला खरंच विचार करावा लागेल, आंब्याचं वर्ष कसं जाईल ते झाडावर मोहर आल्याशिवाय कळत नाही हे तुम्हाला सांगायला नको.

माझा वापर असा: आठवड्याचे सहा दिवस हे १४ अधिक १४, महिन्यातून एकदा आंबा घाटाने कोल्हापूर, आणि वर्षातून दोन-तीनदा मुंबई. कोणी स्वतः टाकी टू टाकी मोजलेला आकडा सांगेल का? कंपनीचा नको, स्क्रीनवर दिसणारा पण नको, पंपाच्या पावतीवरचा हवा.

घाटवाट

दादा, अभिनंदन आधी, कारण अर्धी गाडी तुम्ही मनाने घेतलेलीच आहे असं दिसतंय.

मी सावंतवाडीचा, हीच मस्टँग जीटी गेली चार वर्षं माझ्याकडे आहे, आणि पहिल्या टाकीपासून वही ठेवलेली आहे. तुमचा मित्र पण खोटं बोलत नाही आणि विकणारा पण नाही, दोघांचे रस्ते वेगळे आहेत इतकंच.

माझे आकडे. गावातल्या गावात, म्हणजे मोती तलाव, बाजार, मुलीची शाळा, परत घर, असं पाच-पाच किलोमीटरचं तुकड्या-तुकड्याचं चालवणं झालं तर ४.८ ते ५.५. पावसाळ्यात एकदा अख्खी टाकी असाच वापर झाला तेव्हा ४.४ आलं होतं, ते माझं सगळ्यात खालचं. एनएच ६६ ला सावंतवाडी कुडाळ कणकवली, ८० ते ९० ला क्रूझ लावून, पाय न हलवता, ९.८ पर्यंत आलेलं आहे. १० ला मी कधी टेकलो नाही. आंबोली वर-खाली करून साडेसात-आठ.

अमेरिकेत त्यांच्या ईपीएचा, म्हणजे तिथल्या सरकारी पर्यावरण खात्याचा, या गाडीचा आकडा आहे तो आपल्या मापात काढला तर शहरात साडेसहाच्या आसपास आणि हायवेला साडेदहा. हायवेचा आपल्याकडे जवळपास जुळतो. शहराचा जुळत नाही, कारण त्यांची टेस्ट ठरलेल्या चक्रात होते आणि आपल्याकडे भाट्याच्या पुलावर समोर डंपर, मागे रिक्षा, मध्ये दर दोनशे मीटरला गतिरोधक, त्यात प्रत्येक गतिरोधकाला दीड-पावणेदोन टनाची गाडी जवळजवळ थांबवून पुन्हा उचलायची. ब्रेक मारला की जे पेट्रोल जाळून वेग मिळवला होता ते डिस्कवर गरम होऊन गेलं, परत मिळत नाही. मी एकदा मुद्दाम मोजलं, माझ्या घरापासून हायवेपर्यंत सहा किलोमीटरात अकरा गतिरोधक. प्रत्येक वेळी स्क्रीनवरचा तो क्षणाचा आकडा बघा, गाडी उचलताना २ दाखवतो, दीड पण दाखवतो, आणि वेग धरला की १२ वर जातो. म्हणजे तुमचं ॲव्हरेज तुम्ही किती वेळा गाडी उचलता त्यावर ठरतं.

टाकी ६१ लिटरची आहे. गावात ५ धरलं तर तीनशे किलोमीटर. हे लक्षात ठेवा कारण आपल्या किनाऱ्याच्या रस्त्याला रात्री पंप बंद असतात, देवगड-विजयदुर्गच्या बाजूला मी एकदा काट्याकडे बघत बघत आलोय, पुन्हा ती वेळ येऊ दिली नाही, पाव टाकी राहिली की भरतोच.

तुमच्या वापराला मी ५.५ धरीन. २८ किलोमीटर गुणिले २५ दिवस म्हणजे ७००, भागिले ५.५ म्हणजे १२७ लिटर. लिटरला १०५ धरा, तेरा हजार तीनशे-चारशे होतात. स्विफ्टचे तुमचे आत्ता सव्वाचार हजारच्या आसपास जात असतील. फरक महिन्याला नऊ हजार. वहिनींना हाच आकडा सांगा, कमी सांगू नका.

जांभादगड

तीन सांगणारा मित्र नक्की कोणाच्या तरी शेजारी बसून लांबवर जाऊन आलेला असणार. पाय दाबून चालवली तर तीन पण येत नाही काही वेळा, आणि तसं चालवायला आपल्या रस्त्यावर जागा कुठे आहे, निवळीच्या वळणांवर का हातखंब्याच्या चौकात. गाडी घ्या, पण शेजारी मित्र बसवून दाखवायला म्हणून चालवू नका एवढीच विनंती.

तेलपाणी

घाटवाटने आकडे दिलेच आहेत, मी कारण सांगतो, चिपळूणला डिप्लोमाच्या पोरांना इंजिन शिकवतो त्यामुळे हा माझा आवडीचा विषय आहे, थोडं लांबेल.

लोकांना वाटतं ४०० एचपीची गाडी आहे म्हणून जास्त पिते. पण सपाट रस्त्यावर ८० च्या वेगाने एवढी गाडी नुसती पुढे ढकलायला पंधरा-वीस एचपी पुरतात. ५० च्या वेगाला त्याच्या निम्म्याहून कमी. म्हणजे शहरात तुम्ही त्या इंजिनाची दोन-तीन टक्के ताकद वापरताय. आणि पेट्रोल इंजिनाची अडचण नेमकी तिथेच आहे. ताकद कमी करायची म्हणजे थ्रॉटलची झडप जवळजवळ मिटून घ्यायची, मग आठही पिस्टन त्या मिटलेल्या झडपेतून हवा ओढायला धडपडतात, नाक चिमटीत धरून श्वास घ्यायचा प्रयत्न करा म्हणजे कळेल. या ओढण्यात काम जातं. वर आठ सिलेंडरच्या रिंगा, बेअरिंगं, कॅम, व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा, ऑइल पंप यांचं घर्षण आहेच, ते गाडी ३० ने चालली तरी द्यायचंच. स्विफ्टचं इंजिन त्याच वेगाला बऱ्यापैकी भरलेल्या ओझ्याने काम करत असतं, म्हणून ते त्या जागी जास्त कार्यक्षम. मोठं इंजिन वाईट नाही, त्याला कामच पुरत नाही.

हे ओळखूनच काही कंपन्यांनी सिलेंडर बंद करायची सोय केली. लॅम्बोर्गिनी अव्हेंटाडोरचं ६.५ लिटरचं व्ही१२ हळू चालताना सहा सिलेंडर बंद करून सहावर चालतं. पोर्शेच्या ७१८ मधलं ४ लिटरचं सहा सिलेंडरचं इंजिन कमी ओझ्याला एका बाजूचे तीन बंद ठेवतं आणि बाजू आलटून पालटून घेतं. तुम्ही बघताय त्या मस्टँगमध्ये ही सोय नाही, आठही कायम चालू.

दुसरं कारण थंड इंजिन, आणि तुमच्या बाबतीत हे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. सकाळी स्टार्ट केल्यावर इंजिन मिश्रण घट्ट ठेवतं, म्हणजे पेट्रोल जास्त, आरपीएम पण जास्त, शिवाय धूर साफ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर लवकर तापावा म्हणून ठिणगी उशिरा देतं. या इंजिनात साडेसात लिटर ऑइल आहे. पाण्याचा काटा पाच-सात मिनिटांत मधे येतो पण ऑइल तापायला त्याहून बराच वेळ लागतो, तोवर ते जाड असतं आणि सगळं इंजिन त्या जाड तेलात फिरत असतं. १४ किलोमीटरमध्ये तुमचे पहिले सहा-सात किलोमीटर असे जाणार. म्हणजे इंजिन खऱ्या अर्थाने तापेपर्यंत तुम्ही एमआयडीसीच्या गेटवर पोचलेले असाल.

घाटाची लोकांना उगाच भीती असते. हिशोब करून बघू. सावंतवाडीपासून आंबोली, चढ साधारण ५८० मीटर. गाडी आणि माणसं मिळून १८०० किलो. तेवढं वजन तेवढं वर उचलायला लागते सुमारे १० मेगाज्यूल ऊर्जा. एक लिटर पेट्रोलमध्ये ३२ मेगाज्यूल असतात आणि चढावर इंजिन नीट ओझ्याखाली असतं म्हणून त्यातले तीस टक्के कामी येतात असं धरू. म्हणजे अख्खा घाट चढायला सपाट रस्त्यापेक्षा जास्तीचं किती लागलं, तर लिटरभर. बस. चढताना स्क्रीनवर ४ दिसलं की पोटात गोळा येतो पण तो लिटरभराचाच प्रश्न आहे, आणि त्यातला बराचसा भाग उतरताना परत मिळतो, अट एकच, गाडी गिअरमध्ये ठेवून उतरायची. गिअरमध्ये असताना ॲक्सिलरेटर सोडला की इंजेक्टर पूर्ण बंद होतात, चाकं इंजिनाला फिरवतात, पेट्रोल शून्य. न्यूट्रल मारून उतरणारे उलट आयडलिंगचं पेट्रोल जाळतात आणि ब्रेक तापवतात ते वेगळंच.

आता पाय पूर्ण दाबला तर काय. ४०० एचपी सलग काढायचे तर मिनिटाला दोन लिटरच्या घरात पेट्रोल लागतं. शिवाय पूर्ण ताकदीला हवा-पेट्रोलचं प्रमाण १४.७ ला १ नसतं, १२ च्या आसपास असतं, जास्तीचं पेट्रोल इंजिनाला थंड ठेवायला जातं. बुगाटी वेरॉनचं उदाहरण प्रसिद्ध आहे, १०० लिटरची टाकी आणि ४०० च्या पुढच्या वेगाला ती बारा मिनिटांत रिकामी. ते टोक झालं. आपल्याकडे ओव्हरटेक करायला सहा-सात सेकंद दाबलात तर पाव लिटर पण जात नाही, त्यामुळे कधीमधी दाबल्याने महिन्याचं गणित बिघडत नाही. बिघडतं ते रोजच्या थंड इंजिनाने आणि उभं राहून.

हायवेला मात्र वेग सांभाळा. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाने वाढतो, ८० चे १२० केलेत की सव्वादोन पट होतो.

मुंबईतला_गुहागरकर

तेलपाणी सर, "उभं राहून" यावर मी शपथेवर सांगू शकतो.

माझ्याकडे तीन लिटरची टर्बो सहा सिलेंडर आहे, तुमच्या दुसऱ्या पर्यायासारखीच. गणपतीला मुंबईहून निघालो, माणगावला अडकलो, मग लोणेऱ्याला, एसी चालू, मागे आई, तिला गुडघ्याचा त्रास म्हणून एसी बंद करून खिडक्या उघड्या ठेवणं शक्यच नव्हतं, पाऊस. त्या टाकीला ६.१ आलं. तीच गाडी दिवाळीनंतर पहाटे चारला निघून कशेडीच्या बोगद्यातून सरळ चिपळूण, ११.९. तोच रस्ता, तोच मी, तेवढंच सामान. मोठं इंजिन उभ्या उभ्या तासाला दीड-दोन लिटर सहज घेतं, एसीसकट, आणि तेव्हा ॲव्हरेज शून्य असतं हे लोक विसरतात.

एम३४०आय बद्दल विचारलंत म्हणून. एआरएआयचा, म्हणजे आपल्याकडे गाड्यांची चाचणी घेणाऱ्या संस्थेचा, आकडा १३.०२ आहे. मला रोजच्या वापरात मुंबईत ७ ते साडेसात मिळतं. टर्बोची गंमत अशी आहे की पाय हलका असेल तर ती साध्या तीन लिटरसारखी वागते आणि आठ गिअर असल्यामुळे ८० ला आरपीएम पार खाली असतात, पण बूस्ट, म्हणजे टर्बोचा जोर, मागितलात की लगेच पिते, आणि बूस्ट मागायचा मोह होतोच कारण ती खालच्या आरपीएमपासूनच ओढते. स्पोर्ट मोडला ठेवून गावात फिरलात तर दीडने कमी होईल, कारण गिअर खालचाच धरून ठेवते. रोज १४ किलोमीटर असेल तर मी तुम्हाला हीच सुचवीन, महिन्याला तीन-चार हजार वाचतील.

पण खरं सांगू का, मस्टँग बघून आलेला माणूस एम३४० घेऊन समाधानी होईल असं मला वाटत नाही.

कुडाळचो_गॅरेजवालो

दादानू, माका विचारशात तर गाडी घेवा. पैसो काय वांगडा जाणा नाय.

आता सगळ्यांना कळेल असं लिहितो. पेट्रोलच्या पैशाचं सगळे बोलले, पेट्रोलचं कोणी बोललं नाही. आता पंपावर मिळतं ते साधं पेट्रोल ई२० आहे, म्हणजे वीस टक्के इथेनॉल. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा तिसऱ्या हिश्शाने कमी असते, त्यामुळे मिश्रणात सहा-सात टक्के ऊर्जा कमी पडते, तुमच्या जुन्या वहीत ५.५ असेल तर आज ५.१-५.२ च येणार, गाडीत काही बिघाड झाला असं समजून सेन्सर बदलायला धावू नका. माझ्याकडे असे तीन-चार जण आले, मी परत पाठवले. जुन्या मॉडेलला कोणतं पेट्रोल चालतं ते झाकणाच्या आत आणि पुस्तकात लिहिलेलं असतं, घेण्याआधी वाचा. शंभर ऑक्टेनवालं पेट्रोल २०२० च्या डिसेंबरात आलं तेव्हा मुंबई-पुण्यासारख्या मोजक्या शहरांत आलं, आपल्याकडे त्याच्या नादाला लागू नका, गाडीला लागतं तेवढं ऑक्टेन मिळालं म्हणजे झालं, त्याहून जास्त टाकून ॲव्हरेज वाढत नाही.

दुसरं पाणी. ही गोष्ट कळवळून सांगतोय. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टात एक मोठ्या इंजिनाची गाडी माझ्याकडे टो करून आली, मालक नुकतीच टाकी फुल करून निघालेला, आठ किलोमीटरवर गाडी धक्के मारायला लागली आणि बंद. टाकीतलं पेट्रोल पारदर्शक बाटलीत काढलं आणि अर्धा तास ठेवलं. खाली दोन बोटं वेगळा थर. वरती पिवळसर, खाली पांढुरकं, मधे सुरीने कापल्यासारखी रेघ. इथेनॉल पाणी शोषून घेतं, थोडं असेल तोवर ते मिसळून राहतं पण पाणी जास्त झालं की इथेनॉल पाण्याला घेऊन तळाला बसतं, आणि गाडीचा पंप तळातूनच खेचतो. टाकी उतरवली, लाइन साफ केली, फिल्टर, सगळं मिळून मालकाचे पाच दिवस गेले. त्या माणसाने काय चूक केली, काही नाही, पेट्रोल भरलं. म्हणून धो-धो पावसात ज्या पंपाच्या आवारात पाणी तुंबलेलं दिसतं तिथे भरू नका, टँकर खाली होत असताना भरू नका, आणि पावसाळ्यात गाडी उभी ठेवायची असेल तर टाकी रिकामी ठेवू नका, भरून ठेवा, आत हवा जितकी कमी तितका दमटपणा कमी.

मोजायचं कसं तेही सांगतो कारण बरेच जण चुकीचं मोजतात. एकच पंप, शक्यतो तेच नोझल, ऑटो कट झाला की थांबायचं, वर एक थेंब नको, राउंड फिगर करायला पोराला सांगायचं नाही. ट्रिप मीटर शून्य. निदान अर्धी टाकी संपल्यावर पुन्हा तिथेच तसंच. आणि एका टाकीवर विश्वास ठेवायचा नाही, तीन टाक्यांचं मिळून काढायचं. टायरची हवा थंड असताना, दर पंधरा दिवसांनी. रुंद टायरात दोन-चार पॉइंट कमी झाले तरी डोळ्याला दिसत नाही पण गाडी जड होते.

भाट्ये_खाडी

मंडळी काय लिहू, एवढं मन लावून कोणी सांगेल असं वाटलं नव्हतं. घाटवाट भाऊंचा तेरा हजारचा हिशोब बायकोला जसाच्या तसा दाखवला. ती म्हणाली स्विफ्ट विकायची नाही, मग हरकत नाही. म्हणजे रोज स्विफ्ट आणि रविवारी ही, असं करावं का? की मग घेऊन उपयोग काय?

मिऱ्याबंदर

अगदी तसंच करा. वहिनी बरोबर बोलल्या. रोजच्या १४ किलोमीटरला व्ही८ म्हणजे पेट्रोल वाया आणि इंजिनाचे हाल. रविवारी बाहेर काढा, पुसा, झाकून ठेवा.

घाटवाट

मिऱ्याबंदर, अर्धं पटलं, अर्धं नाही. थंड छोट्या फेऱ्या टाळा हे शंभर टक्के खरं, न जळलेलं पेट्रोल आणि वाफेचं पाणी ऑइलमध्ये उतरतं आणि ऑइल तापलंच नाही तर ते उडून जात नाही. पण समुद्रापासून हाकेच्या अंतरावर गाडी सहा दिवस झाकून ठेवणं पण बरं नाही. कव्हरखाली खारा दमटपणा धरतो, ब्रेक डिस्कवर गंज चढतो, बॅटरी उतरते. गाडी चाललीच पाहिजे.

दादा, मी काय करतो ते सांगतो. आठवड्यातून दोन दिवस काढतो, पण काढली की किमान चाळीस-पन्नास किलोमीटर. तुम्हाला तर काय, दाराशी आरे-वारेचा किनाऱ्याचा रस्ता आहे! युनिटला जायच्या आधी सकाळी लवकर गणपतीपुळ्यापर्यंत जाऊन या, मग एमआयडीसीला जा. पेट्रोल तेवढं जास्त जाईल पण ॲव्हरेज बघा किती सुधारतं आणि ऑइल पण नीट तापेल.

भाट्ये_खाडी

चार महिन्यांनी परत आलोय, धागा वर काढतो, कारण तुम्ही सगळ्यांनी वेळ दिलात तर आकडे द्यायला पाहिजेत.

मस्टँग घेतली. निळी. पुण्याहून आणताना आंबा घाटात विशाळगडाच्या फाट्यापाशी थांबलो, बायको उतरली, दरीकडे बघत उभी राहिली, आणि मी बॉनेटखालून थंड होणाऱ्या लोखंडाचा तो टिक टिक आवाज ऐकत बसलो. एवढ्या वर्षांनी ती गाडी आपली आहे हे मला तेव्हा पटलं.

वही बायकोने ठेवली आहे, पावत्या मागे स्टेपल करून. पहिली टाकी मी हट्टाने रोजच्या रस्त्यावरच संपवली, मला बघायचंच होतं. ४.९. भाट्याच्या पुलावर दोनदा काम चालू होतं तेही त्यात आलं. तेलपाणी सरांनी सांगितलेलं मी रोज बघत होतो, युनिटच्या गेटपाशी ऑइलचं तापमान जेमतेम वर आलेलं असायचं आणि मी किल्ली बंद करत असायचो. वाईट वाटायला लागलं गाडीचं.

दुसऱ्या टाकीपासून घाटवाट भाऊंचं ऐकलं. मंगळवार आणि शनिवार, पहाटे आरे-वारे, गणपतीपुळे, परत येऊन एमआयडीसी. बाकी दिवस स्विफ्ट. त्या टाकीला ६.६, त्याच्या पुढच्या टाकीला ६.८. वळणावळणाचा रस्ता आहे, उतार-चढ आहे, तरीही, कारण गतिरोधक कमी आणि पहाटे समोर कोणी नसतं. कोल्हापूर जाऊन-येऊन २६४ किलोमीटर झाले, २८.१ लिटर, म्हणजे ९.४. घाट उतरताना सिलेक्टर खालच्या गिअरला घेऊन बसलो होतो, साखरप्यापर्यंत ब्रेकला फारसा हात, म्हणजे पाय, लागला नाही. स्क्रीन मात्र त्या दिवशी १०.१ दाखवत होती, पावती ९.४ सांगते, त्यामुळे कुडाळवाले भाऊ, तुमची पद्धत पाळली त्याचा उपयोग झाला.

गेल्या महिन्याचं एकूण: ५४० किलोमीटर, ७६ लिटर, ७.१. आठ हजारांच्या आत बसलं. स्विफ्टचे वेगळे अडीच-तीन.

पाण्याचं डोक्यात ठेवलंय, पाऊस सुरू झाल्यापासून टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देत नाही आणि सखल जागेतल्या पंपावर थांबत नाही. एक गोष्ट अजून विचारायची होती, पावसात रुंद टायरला पाणी साठलेल्या ठिकाणी गाडी हलकी झाल्यासारखी वाटते, ८० ला पण, त्यामुळे मी सध्या ६०-६५ नेच जातोय. टायरची नक्षी निम्म्यावर आलेली आहे. पावसाळा संपेपर्यंत थांबू की आत्ताच बदलू?

कुडाळचो_गॅरेजवालो

आत्ताच. थांबू नका. नक्षी निम्मी म्हणजे पाणी फेकायची ताकद गेली, रुंद टायर पाण्यावर आधी तरंगतो. नवीन घातल्यावर पहिली एक-दोन टाक्या ॲव्हरेज थोडं कमी दिसेल, खोल नक्षीचा टायर जरा जड फिरतो, तेव्हा वहीत तारीख लिहून ठेवा म्हणजे वहिनींना कारण कळेल.

घाटवाट

टायर झाले की सांगा. पाऊस ओसरल्यावर मी आंबोलीवरून कोल्हापूरला येतोय, तुम्ही आंबा घाटाने या. तीच गाडी, तोच दिवस, दोन घाट, दोन वह्या, एकदा मांडून बघूया.

भाट्ये_खाडी

ठरलं. टायर शुक्रवारी. कोजागिरीच्या आसपासचा रविवार बघा, तोपर्यंत कलमांची कामं पण आटपलेली असतील. पहाटे पाचला हातखंब्याहून टाकी ऑटो कटपर्यंत भरून निघतो.